चिठ्ठी मागणाऱ्या क्लार्कचं काय चुकलं?

बेळगावातल्या एका क्रेडिट सोसायटीतल्या क्लार्कनं मॅनेजरसाहेबांना सांगितलं, की मला एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्षावर ताबा न राहण्याची अवस्था) आहे, धारवाडच्या डॉक्टरांनी निदान केलंय, तेव्हा कामं तोंडी सांगण्याऐवजी चिठ्ठीवर लिहून दिलीत तर बरं होईल. मागणी एवढीच. पगारवाढ नाही, जादा रजा नाही, बदली नाही. तरी ही बातमी दिवेलागणीच्या आत खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत पोचली आणि पुढचा आठवडाभर व्हॉट्सॲपच्या गटांवर तीच गाजली. एक तट म्हणत होता, हे सगळं नव्या पोरांचं नाटक. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, दोन रट्टे पडले की लक्ष आपोआप जाग्यावर यायचं. दुसऱ्या तटानं इंटरनेटवरची रंगीत चित्रं टाकायला सुरुवात केली: एडीएचडी म्हणजे निसर्गाची देणगी, अशी माणसं जन्मजात कल्पक, त्यांना नियमांत बांधू नका. मग टोमणे, मग एकदोघांचं रागानं बाहेर पडणं, मग ॲडमिनचे जोडलेले हात. चिठ्ठीचं पुढं काय झालं, हे आठवड्याच्या शेवटी कुणी विचारलंसुद्धा नाही.

माझा राग नेमका त्यावर आहे. दोन्ही तट त्या पोराच्या डोक्यात डोकावत बसले. त्याच्या टेबलाकडं कुणी बघितलं नाही. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत उत्पादन-नियोजनाचं काम बघतो, म्हणजे कोणतं जॉब कुठल्या मशिनवर कधी लागणार आणि गाडी कधी भरणार, हे जुळवत बसणं हाच माझा धंदा. तिथं बसून माझं मत असं झालंय, की एडीएचडी असलेल्या सहकाऱ्याबरोबर काम नीट होतं की नाही, हे त्याच्या मेंदूइतकंच, किंबहुना जास्तच, आपण काम कसं मांडून देतो यावर ठरतं. त्याला जे लागतं ते बहुतेक सगळं कुठल्याही बऱ्या कारखान्यात, बऱ्या कचेरीत सगळ्यांनाच मिळायला पाहिजे: लेखी सूचना, एका वेळी एक काम, जवळची मुदत, मध्ये कुणी हाक न मारणारा एखादा तास. ते द्यायला मन मोठं करावं लागत नाही. आणि ते दिलं म्हणून जबाबदारीत सूटही द्यावी लागत नाही.

या आजारात, किंवा अवस्थेत म्हणा, लक्ष कमी असतं हा समजच अर्धवट आहे. लक्ष असतं, त्याचा लगाम हातात राहत नाही. आवडीचं काम लागलं तर हाच माणूस जेवणाची सुट्टी विसरून तासन् तास बसतो, आणि कंटाळवाणा रजिस्टर भरायचा म्हटलं की सुरुवातच होत नाही. ऐकलेल्या चार गोष्टी डोक्यात धरून चालणं, वेळ किती गेला आणि किती उरला याचा अदमास येणं, सुरू केलेलं मधल्या अडथळ्यानंतर पुन्हा जिथल्या तिथं उचलणं, या जागी तो अडतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली काढलेल्या निदान-पुस्तिकेत मुलांमध्ये साधारण ५ टक्के आणि प्रौढांमध्ये साधारण २.५ टक्के असं प्रमाण दिलंय. ते इथं लावलं, तर दोनशे कामगारांच्या कारखान्यात अशी पाचेक माणसं निघावीत. बहुतेकांना स्वतःलाही पत्ता नसतो. त्यांना आपण धांदरट, विसरभोळा, आरंभशूर अशी नावं ठेवलेली असतात, आणि तीच त्यांनी खरी मानलेली असतात.

नवी पिढी, मोबाईल, रील्स हे सगळं यायच्या कितीतरी आधी डॉक्टरांनी हे ओळखलं होतं. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरानं १७९८ सालच्या पुस्तकात न टिकणाऱ्या लक्षाचं वर्णन केलंय. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं १९०२ मध्ये लंडनला याच प्रकारच्या मुलांवर व्याख्यानं दिली. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडलीनं उत्तेजक औषधानं अशी मुलं शांत होऊन अभ्यासाला बसतात हे नोंदवलं, आणि आज वापरात असलेलं मेथिलफेनिडेट १९४४ साली तयार झालं. आता सांगा, ‘आमच्या वेळी नव्हतं’ यातली ती वेळ नेमकी कुठली?

तरीही या वाक्यात एक खरं दडलंय आणि ते मान्य केलं पाहिजे. आमच्या आज्यापणज्यांच्या काळात ही माणसं इतकी ठळक दिसत नव्हती. का दिसत नव्हती? एक तर शाळेत ती टिकायचीच नाहीत. छडी खाऊन खाऊन पाचवी-सातवीला पोरगं घरी बसायचं आणि मास्तर म्हणायचे, याचं डोकं अभ्यासाचं नव्हे. त्याचा हिशेब कुणी ठेवलाय? दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वेळच्या कामात आठवण ठेवायचं काम भोवतालची दुनियाच करत होती. गिरणीचा भोंगा झाला की निघायचं. पावसाचा रंग बघून पेरणीला लागायचं. शहापूर-वडगावात मागावर बसलेल्याला किती काम झालं ते गुंडाळलेल्या कापडावर दिसायचं. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजारी दरानं, म्हणजे हात किती चालला ते सुपातच दिसायचं. विडीच्या धंद्यात त्या बायकांचं काय झालं हे मी विसरलेलो नाही, त्या कामाचं कौतुकही करत नाही. पण काम डोळ्यासमोर, मोबदला जवळ आणि वेळ सांगायला बाहेरचा आवाज, या तीन गोष्टी तिथं होत्या. आज त्या क्लार्कसमोर काय आहे? एक स्क्रीन, त्यात उघडी असलेली सहा खाती, खिशात कामाचे चार व्हॉट्सॲप गट, काउंटरवर पासबुक पुढं करणारी मावशी, आणि पाठीमागून ‘जरा बघ रे’ म्हणणारा मॅनेजर. ज्या आधारावर विस्कळीत डोक्याचा माणूस उभा होता, तो आधार आपण काढून घेतला. आता तो पडला की त्याच्या पायांना दोष देतोय.

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा असा, की लक्ष कुणाचं उडत नाही? विसरत कोण नाही? मग सगळ्यांनाच एडीएचडी म्हणायचं काय? प्रश्न रास्त आहे, आणि इंटरनेटवर दहा प्रश्नांची चाचणी देऊन स्वतःला बिल्ला लावून घेणारे वाढलेत हेही खरं. पण वैद्यकशास्त्रानं हा प्रश्न आधीच विचारून ठेवलाय. निदानासाठी लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, ती घर, शाळा, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांनी जगण्यात खरोखर अडथळा आणलेला असावा लागतो. गेल्या वर्षी मोबाईल घेतल्यापासून ज्याचं लक्ष उडालं, तो यात बसत नाही. रक्तदाब सगळ्यांनाच असतो म्हणून वाढलेल्या रक्तदाबाला आजार म्हणायचं आपण थांबवलं नाही. मोजमापाची रेषा असते आणि ती ओढायला डॉक्टर असतात. ती ओढण्याचा अधिकार मॅनेजरला नाही, आणि व्हॉट्सॲपच्या गटाला तर मुळीच नाही.

दुसरा मुद्दा निमित्ताचा. आज चिठ्ठी मागतो, उद्या मुदत चुकवेल आणि म्हणेल, साहेब, मला एडीएचडी आहे की! हा धोका शून्य नाही. माणसं आजारपणाचं निमित्त करतात, बायकोच्या माहेरच्यांचं करतात, पंढरीच्या वारीचंही करतात. पण या मागणीकडं जरा नीट बघा. तोंडी सांगितलेल्या कामाचं काय होतं? ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘तुम्ही सांगितलंच नव्हतं’ यात दुपार जाते आणि शेवटी ज्याचा पगार जास्त त्याचं खरं ठरतं. चिठ्ठीवर काम, तारीख आणि दोघांची सही असली, की पळवाट बंद. कामचुकार माणूस जगात काहीही मागेल, लेखी पुरावा मागणार नाही. तो क्लार्क स्वतःभोवतीच कुंपण घालून मागत होता, आणि आपण त्याला पळपुटा म्हणालो.

हे सगळं हवेतलं वाटू नये म्हणून आमच्या भागातल्या एका कारखान्याचा डिस्पॅच सांगतो. तिथला एक माणूस, निदान झालेला, कामाला वाघ. कुठलं कास्टिंग कुठल्या पेटीत बसेल हे तो नुसतं बघून सांगायचा. पण गाडी गेटबाहेर पडली की काहीतरी राहिलेलं असायचं. कधी टेस्ट सर्टिफिकेट टेबलावरच, कधी बदललेल्या गाडीचा नंबर ई-वे बिलात (माल रस्त्यानं नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदात) घालायचा राहिलेला, आणि मग ट्रक राज्याच्या सीमेवर कोगनोळीजवळ उभा, ड्रायव्हरचा फोन, मालकाचा पारा चढलेला. आता त्याला काम कसं सांगितलं जायचं ते ऐका. ग्राइंडर चालू. सुपरवायझर शेडच्या दुसऱ्या टोकावरून ओरडणार: “ए, शिरोळीच्या ऑर्डरचं सर्टिफिकेट घातलास काय? आणि गाडी बदललीय, नंबर बघ. आणि जाता जाता कॅन्टीनला सांग आज सहा चहा जादा. बेग माडो!” म्हणजे कन्नडमध्ये, लवकर कर. एका दमात तीन कामं, दोन भाषा, आणि कानावर ग्राइंडर. यातलं त्याच्या डोक्यात काय राहायचं? चहा. कारण शेवटी ऐकलं ते चहाचं.

तिथल्या स्टोअर्सच्या बाईंनी, कुठल्याही पुस्तकात न बघता, गेटच्या खोलीत एक फळी ठोकून घेतली. फळीला चार खुंट्या: जॉब, इन्व्हॉइस, ई-वे बिल, सर्टिफिकेट. प्रत्येक गाडीमागं चार पत्र्याचे बिल्ले. काम झालं की बिल्ला खुंटीवर. चारी खुंट्या भरल्याशिवाय वॉचमन गेट उघडणार नाही, मालक स्वतः आला तरी. गाड्या अडायच्या थांबल्या. पण मला त्याहून बोलकं वाटलं ते वेगळंच. फळी लावण्याआधीचे तक्रारींचे कागद चाळले, तेव्हा त्यात हा माणूस रजेवर असतानाच्याही तक्रारी निघाल्या. म्हणजे विसरत सगळेच होते. नाव मात्र याचं झालं होतं.

या बाईंनी जे केलं त्याला कारखानदारीत मोठी परंपरा आहे. १९६१ साली जपानमध्ये शिगेओ शिंगो या अभियंत्यासमोर अशीच तक्रार आली होती. एका विजेच्या वस्तूंच्या कारखान्यात बटणाच्या आत दोन स्प्रिंगा बसवायच्या असत, आणि कामगार अधूनमधून एखादी विसरत. साहेब लोक रागवायचे, थोडे दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच. शिंगोनं सांगितलं, आधी दोन स्प्रिंगा एका छोट्या ताटलीत काढून ठेवा, मगच जोडायला घ्या. काम संपल्यावर ताटलीत स्प्रिंग उरली तर चूक समोरच दिसते. पोकायोके (चुकीला वावच न ठेवणं) म्हणून आज जी पद्धत जगभर शिकवली जाते, जिची पोस्टरं मच्छे आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या भिंतीभिंतींवर लागलीत, तिच्या सुरुवातीच्या गोष्टींतली ही एक. त्याच्याही आधी, ३० ऑक्टोबर १९३५ रोजी, अमेरिकेत बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. यंत्र ठीक होतं. उड्डाणाआधी काढायचा एक अडसर काढायचा राहिला होता, आणि चालवणारा अननुभवी नव्हता, मुरलेला चाचणी-वैमानिक होता. त्यावर वैमानिकांना ‘लक्ष देत जा’ अशी तंबी देऊन कुणी भागवलं नाही. उड्डाणापूर्वीची यादी तयार झाली, आणि आज जगातला कितीही मोठा वैमानिक ती यादी वाचल्याशिवाय विमान हलवत नाही. वैमानिकानं यादी वाचली की शिस्त, क्लार्कनं चिठ्ठी मागितली की नाटक. हे कुठलं गणित?

मला एक मुद्दा मात्र खरोखर अडचणीचा वाटतो, आणि तो सुरक्षेचा आहे. फाउंड्रीत भट्टीतून वितळलेलं लोखंड लेडलमध्ये घेऊन साच्यात ओततात. ते तेराशे-चौदाशे अंशांवर असतं. तिथं क्षणभर लक्ष उडालं तर माणूस जळतो, आणि तोच जळतो असं नाही, शेजारचाही जळतो. तिथं सहानुभूतीची भाषणं चालत नाहीत. म्हणून साफ सांगतो: ज्याला जे काम सुरक्षितपणे जमत नाही, त्याला ते देऊ नये. तसं तोंडावर सांगण्यात अपमान नाही. फक्त हे त्याच्या कामाकडं बघून ठरवा, डॉक्टरच्या कागदावरच्या चार अक्षरांवरून नको. कारण सुरक्षेचं शास्त्र कुणाच्याच लक्षावर विसंबत नाही. प्रेस मशिनला दोन लांबलांब बटणं का असतात? दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणून. ती बटणं काही एडीएचडीवाल्यांसाठी बसवलेली नाहीत. कितीही हुशार ऑपरेटरचं लक्ष कधीतरी उडणारच, हे गृहीत धरून ती बसवली. आणि ज्या शेडमध्ये घाई म्हणून एका बटणाला टेप चिकटवून ठेवतात (ठेवतात, मी बघितलंय), तिथं धोका कुणाच्या मेंदूत आहे, सांगा.

आता सहकाऱ्यांच्या ओझ्याबद्दल. पाचजणांच्या कचेरीत एकजण सारखा विसरणार, मग बाकीच्या चौघांनी त्याचं निस्तरायचं? ही तक्रार करणाऱ्यांना मी स्वार्थी म्हणणार नाही, कारण ती बरोबर आहे. आपल्याकडं ‘सांभाळून घेणं’ हा फार मोठा गुण समजतात. कुणाचं राहिलं तर गुपचूप करून टाकायचं, साहेबांना कळू द्यायचं नाही. ऐकायला माया वाटते. पण जरा बघा, सांभाळून कोण घेतं? दहातल्या नऊ ठिकाणी एखादी बाईच. ती तिच्या टेबलाचं काम करते आणि वर दोघातिघांची आठवणवहीही होते: “अहो, ते चलन भरलात काय? आज शेवटची तारीख हाय की.” तिला याचा पगार नाही, बढतीच्या कागदावर याची ओळ नाही, आणि एखाद्या दिवशी ती रजेवर गेली की सगळं कोसळतं. ज्याला सांभाळून घेतलं जातं त्याचंही भलं होत नाही. तो कायम उपकाराखाली. मी मागतोय ती व्यवस्था या मायेच्या विरुद्ध दिशेची आहे. आठवण ठेवायचं काम बाईंकडून काढून फळीकडं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, मोबाईलच्या गजराकडं द्या. सोमवारी सकाळी दहा मिनिटं उभ्या उभ्या आठवड्याची कामं वाचून दाखवा. महिन्याच्या अखेरची एकच मुदत देण्याऐवजी दर शुक्रवारी एक तुकडा मागा. यात ओझं वाटलं जात नाही, कमी होतं.

ही सांभाळून घेणारी बाई स्वतःच एडीएचडी असलेली असू शकते, हे जाता जाता सांगायला हवं. मुलींमध्ये हा प्रकार पुष्कळदा धावपळीच्या रूपात दिसत नाही. खिडकीतून बाहेर बघत बसण्याच्या रूपात दिसतो. वर्गात त्रास देत नाही म्हणून शाळेत कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पुढं नोकरीत ती दुप्पट कष्ट करून, घरी वह्या नेऊन ते झाकत राहते.

देणगीवाल्यांचाही समाचार घेतला पाहिजे, कारण नुकसान तेही करतात. एडीएचडी असलेल्या माणसांत कल्पक असतात, तसे साधेही असतात, जसे तुमच्याआमच्यात असतात. त्याला अलौकिक ठरवलं, की दोन गोष्टी होतात. एक, तो अलौकिक निघाला नाही तर त्याची कदर संपते. दोन, त्याला खरोखर जो त्रास होतो तो बोलायची सोय राहत नाही. वेळ चुकल्याबद्दलची लाज, गहाळ झालेले कागद, रात्री दोनला आठवलेलं सकाळचं काम, हे देणगीच्या चित्रात कुठं बसवणार? नियमांत बांधू नका म्हणणं तर सरळ उलटं आहे. बाहेरची ठळक चौकट त्याला इतरांपेक्षा जास्त लागते. ती चौकट प्रेमळ आणि न बदलणारी असावी, एवढंच.

आणि आता आपल्या सीमाभागाबद्दल, जे लिहिल्याशिवाय माझ्यानं राहवत नाही. १९५६ पासून आपण काय मागत आलोय? इतर मागण्या बाजूला ठेवा, रोजच्या व्यवहारातली मागणी बघा: सरकारी परिपत्रक, नोटीस, सातबाराचा उतारा आम्हाला कळेल अशा भाषेत द्या. राज्यघटनेचं ३५० वं कलम गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडायचा हक्क देतं. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं त्याला ३५०अ आणि ३५०ब जोडून मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकाऱ्याची सोय केली. जिथं अल्पसंख्याक १५ टक्के आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे सूत्र तर आमच्या निवेदनांत पाठ झालंय. त्यावर समोरून काय ऐकू येतं? बाकीच्यांना कळतं, तुम्हालाच का नाही? इथं राहायचं तर शिका. तुमचे कसले लाड? जतमधला, अक्कलकोटातला कन्नड माणूस हीच वाक्यं मराठीतून ऐकतो. आपण उत्तर देतो की हे लाड नव्हेत. काम माझ्यापर्यंत पोचेल अशा रूपात पोचवणं ही सांगणाऱ्याची जबाबदारी आहे. उत्तर बिनतोड आहे. मग तेच उत्तर त्या क्लार्कनं दिल्यावर आपल्याच तोंडून ‘बाकीच्यांना तोंडी सांगितलेलं कळतं, तुलाच का नाही’ हे कसं निघालं?

तुलना पुरी जुळत नाही, मला कबूल आहे. भाषा ही एका समाजाची असते, तिच्यामागं इतिहास असतो, मोर्चे असतात. या पोरामागं मोर्चा नाही. त्याच्या सोसायटीत तो एकटा आहे आणि त्याचे १५ टक्के कधीच भरणार नाहीत. पण यानं त्याची बाजू लंगडी होते, की त्याची मागणी ऐकणाऱ्याची जबाबदारी वाढते?

कायदा काय म्हणतो, असं विचाराल तर २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार दिलेत. त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन-अक्षमता आहे. एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. ‘वाजवी सोय’ ही कल्पना मात्र त्या कायद्यात आहे आणि तिच्या व्याख्येतच लिहिलंय, की सोय अशी असावी जिनं देणाऱ्यावर अवाजवी भार पडू नये. म्हणजे मालकांना ज्याची भीती वाटते ती गोष्ट कायद्यानंही मागितलेली नाही. एक फळी, चार खुंट्या, एक चिठ्ठ्यांचं पुस्तक, यात अवाजवी काय आहे? नाव यादीत येईल तेव्हा येईल. तोवर हे सगळं फोरमन, मॅनेजर आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस यांच्याच हातात आहे, आणि खरं सांगायचं तर यादीत नाव आल्यावरही त्यांच्याच हातात राहील.

म्हणून लेखी सूचना मागणाऱ्याकडं ‘आधी डॉक्टरचा कागद दाखव’ म्हणू नये. चिठ्ठी फुकट आहे; ती मागायला रोगी असण्याची अट कशाला? ज्यानं विश्वासानं निदान सांगितलं, त्याचं ते कॅन्टीनमध्ये नेऊ नये. ‘आज गोळी घेतलास काय?’ हा विनोद तर कायमचा बंद करावा. उत्तेजक औषधं इथं अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि ती घेणारा माणूस आधीच औषधाच्या दुकानात पुरेशा संशयी नजरा झेलून आलेला असतो.

जिथं खर्च खरोखर लागतो ती जागा वेगळी आहे. प्रौढांचं नीट निदान करायला वेळ लागतो, एका भेटीत ते उरकत नाही. बेळगावात मानसोपचाराचे विभाग आहेत, धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. पण खानापूरच्या जंगलाकडच्या गावातनं येणाऱ्या रोजंदारीच्या कामगाराला बेळगावला नाहीतर धारवाडला जायचं म्हणजे दर भेटीला एक खाडा, आणि सोबत घरातलं कुणी आलं तर दोन. उद्यमबागेतले आणि मच्छेतले कारखानदार दरवर्षी सुरक्षा सप्ताहाला मंडप घालतात, बॅनर लावतात, शपथ देतात. त्यातला मंडपाचा खर्च कमी करून अशा भेटींचा खाडा भरपगारी धरला, तर मालकाच्या वहीत तो उठूनही दिसणार नाही. आमच्या प्लॅनिंगच्या तक्त्यात त्या दिवसाची पाळी भरून काढायचं मी बघतो.